बदामाला कावळा शिवला!

कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात ऑगस्ट उजाडला की बदामाचा बागायतदार आभाळाकडे बघायला लागतो. आपल्याकडचा शेतकरीही त्या महिन्यात आभाळाकडेच बघतो, पण ढगांसाठी. तिकडे त्या दिवसांत ढग औषधालाही सापडत नाही. हा बघत असतो काळे ठिपके. एक ठिपका आला तर ती पाहणी. दोन आले तर पंचनामा. चाळीस आले म्हणजे पंगत बसली.

पंगतीची सोय त्याने स्वतःच करून ठेवलेली असते, हा भाग वेगळा. बदामाच्या काढणीत एक यंत्र झाडाचं खोड पकडतं आणि काही सेकंद असं गदागदा हलवतं की वर्षाची कमाई धडाधड खाली येते. ते बदाम लगेच उचलत नाहीत. आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त, तिथेच उन्हात वाळू देतात. जगातल्या बदामांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक या एकट्या राज्यात पिकतात आणि त्यांचं सगळ्यांत मोठं परदेशी गिऱ्हाईक म्हणजे आपण. दिवाळीच्या भेटीच्या डब्यातला बदाम बहुधा याच मातीत पडून ऊन खाऊन आलेला असतो. एवढा मेवा मैलोन्‌मैल उघड्यावर पसरायचा आणि वरून कावळ्याने मान वळवून निघून जावं, अशी अपेक्षा ठेवायची! माणसाच्या आशावादाला तोड नाही.

कावळ्याच्या बाजूनेही फारसं बोलण्यासारखं नाही म्हणा. तो खाली पडलेलं खातो, झाडावरचं खातो आणि पोट भरलं की एकेक उचलून नेऊन कुठेतरी पुरून ठेवतो. जॉर्जिया, ओक्लाहोमा, टेक्सास या भागांत पेकन पिकतं. हा अक्रोडाचा चुलतभाऊ. तिथले बागायतदार सांगतात की जाड कवचाचं गावठी पेकन कावळा डोळ्यांआड करतो आणि कागदी कवचाच्या, म्हणजे बाजारात चढा भाव मिळणाऱ्या झाडावर नेमका जाऊन बसतो. शेतकी खात्याच्या माणसाला फळांची प्रतवारी शिकायला प्रशिक्षण लागतं. कावळ्याला चोच पुरते. आणि एवढं खाऊन झाल्यावर तो बदामाच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या टोचून ठेवतो. जेवणानंतर पाणी लागतंच.

अमेरिका म्हणजे घरोघरी बंदूक, तेव्हा उचलली बंदूक आणि मिटवला विषय, असं आपल्याला इथे आरामखुर्चीत बसून वाटतं. तसं नाही. 1972 साली अमेरिकेने मेक्सिकोशी असलेल्या पक्षीकरारात दुरुस्ती केली आणि कावळा स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाखाली आला. (गंमत म्हणजे त्याच 1972 साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्यात कावळा गेला उपद्रवींच्या यादीत, उंदीर-घुशींच्या शेजारी. पितृपक्षात ज्याच्या हातापाया पडायचं त्याची सरकारदरबारी ही पत! 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच गेली, तेव्हा कुठे पितरांची लाज राहिली.)

कॅलिफोर्नियाच्या नियमांत शेतकऱ्यासाठी एक पळवाट मात्र आहे. पिकाचं नुकसान करताना, किंवा करण्याच्या बेतात असताना, कावळा आढळला तर त्याला परवान्याशिवाय मारता येतं. ‘करण्याच्या बेतात’! हे शब्द ज्याने मसुद्यात घातले त्याने आयुष्यात एकदा तरी कावळ्याच्या डोळ्यात डोळा घालून पाहिलेलं असणार. तपासाला कोणी आलंच तर संवाद साधारण असा व्हायचा:

“हा कावळा नुकसान करण्याच्या बेतात होता, साहेब.”

“कशावरून?”

“कावळा होता, यावरून.”

पण पळवाटेलाही केंद्रीय कायद्याचं फाटक आहे. दरवर्षी आधी न मारता हुसकावण्याचे उपाय करून पाहायचे. नाही जमलं तर मारायचं, पण बंदुकीतले छर्रे बिनविषारी हवेत. कावळ्याच्या आरोग्याला अपाय होता कामा नये. आणि वर्षअखेर किती मारले त्याचा हिशेब सरकारला लिहून पाठवायचा. म्हणजे कावळ्याने केलेल्या नुकसानीत फॉर्म भरण्याचा त्रासही धरायला हवा.

हौशी शिकाऱ्यांचं खातं वेगळं. त्यांना वर्षातून जास्तीत जास्त 124 दिवस मिळतात आणि ऐन विणीच्या काळात शिकार करायची नाही. कॅलिफोर्नियाने हे दिवस डिसेंबरच्या पहिल्या शनिवारपासून दिलेत. एका शिकाऱ्याला दिवसाला 24 कावळ्यांची मुभा. तारखा नीट पाहा. बदाम ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत निघतो, अक्रोड नोव्हेंबरपर्यंत आटोपतो आणि शिकारीचा हंगाम उघडतो डिसेंबरात. माल गोदामात, कावळे जेवून तृप्त, आणि मग माणूस बंदूक घेऊन दारात हजर. आपल्याकडे वरातीमागून घोडं म्हणतात. तिकडे त्याचं राजपत्र निघतं.

तर आधी न मारण्याचे उपाय. पहिला मान तोफेचा. ही गॅसवर चालते, ठरावीक वेळाने आपोआप बार काढते आणि तिच्यातून आवाजाशिवाय काहीही बाहेर पडत नाही. पहिल्या दिवशी कावळे तालुका सोडून जातात. दुसऱ्या दिवशी कुंपणावर बसून ऐकतात. नंतर त्यांना दोन बारांमधलं अंतर पाठ होतं आणि तेवढ्यात ते खाऊन घेतात. अशा एका बागायतदाराच्या घरी रात्रीच्या जेवणाला होणारं बोलणं कोणालाही कल्पनेने लिहिता येईल.

“ती तोफ कधी बंद होणार आहे?”

“कावळे गेले की.”

“शेजारी गेले.”

मग चकचकीत चंदेरी पट्ट्या येतात. मग मोठ्ठे डोळे रंगवलेले फुगे येतात. मग प्लास्टिकचं घुबड खांबावर चढतं आणि चार दिवसांनी त्याच्या डोक्यावर कावळा चढतो. संकटात सापडलेल्या कावळ्याचा ध्वनिमुद्रित टाहो, हिरवा लेसर, ड्रोन, हे सगळं ओळीने होतं. यातलं काहीच निरुपयोगी नाही. टाहोचा तर बऱ्यापैकी परिणाम होतो. पण कृषी विद्यापीठांची माहितीपत्रकं वाचली तर प्रत्येक उपायाखाली तेच वाक्य येतं: जागा बदलत राहा, वेळ बदलत राहा, एकच युक्ती फार दिवस वापरू नका, दोन-तीन एकत्र करा. थोडक्यात, कावळ्याला कंटाळा येऊ देऊ नका. करमणुकीचा कार्यक्रम दर आठवड्याला बदलण्याची जबाबदारी बागेच्या मालकावर, आणि फराळही त्याच्याचकडून.

सर्वांत जालीम उपाय म्हणजे मेलेला कावळा उलटा टांगणं. तो खरा नसला, पिसं लावलेलं सोंग असलं, तरी कावळे बिचकतात. वॉशिंग्टन विद्यापीठात केली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ यांनी यावर रीतसर प्रयोग केले. मुखवटा घातलेला माणूस हातात मेलेला कावळा घेऊन उभा राहिला की आजूबाजूचे कावळे जमून कल्लोळ करतात, त्या जागी खायला यायला बिचकतात आणि त्या मुखवट्याचा माणूस पुढे रिकाम्या हाताने दिसला तरी त्याच्या नावाने ओरडतात. मयताला गोळा होऊन ‘हे कोणी केलं’ याची चौकशी करण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. फरक एवढाच, की कावळे विषयाला धरून बोलतात.

मार्झलफ यांचा आधीचा प्रयोग याहून रंगतदार आहे. 2006 च्या फेब्रुवारीत त्यांनी सिअ‍ॅटलच्या विद्यापीठाच्या आवारात जाळं टाकून सात कावळे पकडले, पायांत कड्या अडकवल्या आणि सोडून दिले. पकडताना तोंडावर रबरी मुखवटा होता गुहेतल्या आदिमानवाचा. तुलनेसाठी, ज्याने कावळ्यांचं काहीही वाईट केलेलं नाही असा दुसरा मुखवटा निवडला, तो होता तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा. पुढे आदिमानव आवारात नुसता फिरायला आला तरी कावळे डोक्यावर घिरट्या घालून शिव्या मोजायचे. मुखवट्यावर टोपी घातली, तो उलटा लावला, तरी ओळखायचे. चेनी मात्र खुशाल हिंडायचे. दोनेक वर्षांनी आदिमानव फिरायला निघाला तेव्हा वाटेत भेटलेल्या 53 पैकी 47 कावळ्यांनी त्याचा उद्धार केला. मूळ गुन्ह्याच्या वेळी पकडले होते सातच! उरलेल्यांना ही बातमी आईबापांकडून किंवा शेजाऱ्यांकडून कळलेली. आता योगायोग पाहा. त्याच 2006 च्या फेब्रुवारीत हे खरे चेनी टेक्सासमध्ये लावे मारायला गेले होते आणि लाव्यांऐवजी त्यांच्या छर्ऱ्यांनी एका वकील मित्राचा चेहरा टिपला. मित्र वाचले. त्या महिन्यात अमेरिकेतला सगळ्यांत गाजलेला शिकारी कोण, हे साऱ्या देशाला पाठ होतं. पण सिअ‍ॅटलच्या कावळ्यांनी त्याला निर्दोष सोडलं. ते पुराव्यावर चालतात. वर्तमानपत्रावर नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाचे केव्हिन मॅक्‌गोवन यांची कथा अशीच. हे गृहस्थ अनेक वर्षं झाडांवर चढून कावळ्यांची पिल्लं मोजत आले. त्याबद्दल गावातले कावळे त्यांना ओळखून त्यांच्यामागे बोंब मारत लागायचे. शेवटी त्यांनी खिशात शेंगदाणे ठेवायला सुरुवात केली आणि ओळख तीच राहून संबंध सुधारले. सरकारी कचेऱ्यांतून कामं करून घेणाऱ्या वाचकांना यात नवीन काही वाटणार नाही.

तर अशा स्मरणशक्तीच्या पक्ष्याची शिकार करायला आपला हौशी शिकारी डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी अंधारात उठतो. पानापानांचा छापील अंगरखा, तसलीच टोपी, हातमोजे, तोंडावर जाळी. कारण गोरं नाक चमकलं तरी वरून दिसतं. एवढी तयारी त्याने स्वतःच्या लग्नात केली नसेल. गाडीत डझनभर प्लास्टिकचे कावळे, खांबासकट एक प्लास्टिकचं घुबड, गळ्यात लाकडी शिट्टी, शिवाय ध्वनिमुद्रित आवाजांचा भोंगा. बदकांच्या शिकारीत हा भोंगा कायद्याला चालत नाही, कावळ्यासाठी चालतो. कायदे करणाऱ्यांनाही इथे माणसाची बाजू लंगडी वाटली असावी.

डाव चांगला असतो, नाही असं नाही. मोठं शिंगळं घुबड आणि कावळा यांचं पिढीजात वैर. रात्री घुबड झोपलेला कावळा उचलतं, म्हणून दिवसा घुबड दिसलं की कावळे मिळून त्याला पळता भुई थोडी करतात. तेव्हा खांबावर घुबड उभं करायचं, भोवती प्लास्टिकचे कावळे मांडायचे, भोंग्यावर भांडणाचा आवाज लावायचा आणि आडोशाला दबा धरायचा. भांडण चालू आहे म्हटल्यावर बघायला न येणारा कावळा अजून जन्माला यायचाय. माणूसही.

पहिल्या झडीत काही सापडतात. त्यानंतर त्या जागेवर दिवसभर, आणि पुढेही बरेच दिवस, चिटपाखरू फिरकत नाही. अनुभवी शिकारी म्हणूनच एका जागी फार रमत नाहीत. नव्या जागेच्या शोधात पेट्रोल जाळत फिरतात. शॉटगनचा छर्रा साधारण 35-40 मीटरच्या पुढे भरवशाचा राहत नाही. हे शिकाऱ्याने पुस्तकात वाचलेलं असतं आणि कावळ्याने न वाचता ओळखलेलं असतं. तो त्याच्या वरून जातो. आडोशात कुजबूज चालते:

“आला का?”

“कोण?”

“कावळा.”

“तो मघापासून तुझ्या मागच्या तारेवर आहे.”

कावळा मोजतो, असं जुने शिकारी सांगत आलेत. आडोशात दोघे शिरले आणि एक बाहेर पडला, तर दुसरा आत आहे हे त्याला कळतं म्हणे. शिकाऱ्यांच्या गोष्टींतून निम्मं वजा करावं हा नियम खरा. पण 2024 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठाने ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केलं, की शिकवलेले कावळे खुणेप्रमाणे एक ते चार वेळा मोजून काव काव करू शकतात. प्रयोगशाळेतला हा हिशेब बागेला लावायचा झाला तर शिकारीला किमान पाच जणांनी जावं आणि चौघांनी परत यावं. मागे राहणाऱ्या पाचव्याची निवड कशी करायची, ते ज्याचं त्याने पाहावं.

अक्रोडाच्या बाबतीत तर कावळा स्वतःच अभ्यासाचा विषय होऊन बसलाय. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावात रस्त्याकडेला अक्रोडाची झाडं आहेत आणि विद्यापीठही आहे, त्यामुळे कावळे आणि संशोधक दोघांचीही सोय झाली. डॅनियल क्रिस्टॉल आणि पॉल स्वित्झर यांनी 1999 मध्ये आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. कावळा अक्रोड चोचीत धरून वर जातो आणि खाली टाकतो. कठीण कवचाचा काळा अक्रोड असेल तर जास्त उंचीवरून, नेहमीचा असेल तर कमी उंचीवरून. खाली फरसबंदी असली तर कमी, मऊ माती असली तर जास्त. एकदा आपटून फुटला नाही, तर आता तो तडकत आला असेल या हिशेबाने पुढच्या खेपेला थोडं खालून. आणि सगळ्यांत गोड भाग असा, की आसपास भाऊबंद टपून बसलेले असतील तर तो आणखी खालून टाकतो. उगाच वर गेलो आणि खाली येईपर्यंत दुसऱ्यानेच गट्ट केलं, असं व्हायला नको. नातेवाइकांसमोर खिशातून नोटा काढताना आपण हात जरा आतच ठेवतो ना!

कावळे मुद्दाम धावत्या मोटारींपुढे अक्रोड टाकून ते फोडून घेतात, हीही डेव्हिसमधली लोकप्रिय समजूत होती. क्रिस्टॉल आणि सहकाऱ्यांनी तीही तपासली. मोटार येत असताना आणि रस्ता मोकळा असताना कावळे काय करतात हे पाहिलं, आणि 1997 मध्ये निकाल दिला: काहीही फरक नाही, हे कावळे मोटारी वापरत नाहीत. गावकरी हिरमुसले. मात्र जपानच्या सेंदाई शहरातले कावळे खरोखरच चाकाखाली अक्रोड ठेवतात आणि ही विद्या तिथे पहिल्यांदा दिसली ती मोटार शिकवण्याच्या शाळेजवळ. शिकाऊ चालक हळू जातो, वारंवार थांबतो आणि घाबरलेला असतो. फोडणीसाठी याहून योग्य माणूस कुठला?

माणसाने एकदा सगळी गंमत बाजूला ठेवून खरंखुरं युद्धही करून पाहिलं. हिवाळ्यात कावळे रात्री हजारोंनी, कधी लाखांनी एका ठिकाणी वस्तीला येतात. 1934 ते 1945 या काळात ओक्लाहोमात अशा 127 वस्त्यांवर दिवसा झाडांना सुरुंग बांधायचे आणि रात्री उडवायचे, असा कार्यक्रम चालला. सुमारे 38 लाख कावळे मेले. इलिनॉय राज्यात रॉकफर्डजवळ 1940 साली अशाच स्फोटांत सव्वातीन लाखांवर गेले. एवढं करून कावळ्यांच्या एकूण संख्येवर किंवा पिकांच्या नुकसानीवर परिणाम झाल्याचा पुरावा काही मिळाला नाही. युद्ध हरल्याची घोषणा कोणी केली नाही, सुरुंग तेवढे थांबले.

पुढे कावळ्यांनीच एकतर्फी तह करून टाकला. शहरात बंदूक चालवता येत नाही, रात्री दिवे असतात म्हणून घुबड आधीच दिसतं, आणि उबही बरी. तेव्हा ते हिवाळ्याच्या मुक्कामाला शहरात येऊ लागले. सिलिकॉन व्हॅलीतलं सनीव्हेल हे त्यातलंच. कोविडच्या काळात तिथल्या मध्यवर्ती चौकात रोज संध्याकाळी हजारेक कावळे उतरायला लागले आणि बाकांची, फरशांची, खाली बसून जेवणाऱ्यांची जी दशा झाली ती सांगवत नाही. पालिकेने बहिरी ससाणा आणून पाहिला. तो असेपर्यंत कावळे गेले, तो गेल्यावर आले. शेवटी 2022 च्या जानेवारीत वीस डॉलरचे हिरवे लेसर आणि कावळ्यांचा टाहो वाजवणारा टेपरेकॉर्डर घेऊन नगरपालिकेची माणसं चौकात उभी राहिली. ज्या खोऱ्यात जगाचे संगणक जन्माला आले, तिथे कावळ्यापुढे उभं केलेलं तंत्रज्ञान ते हेच.

याच सनीव्हेलमध्ये मराठी इंजिनिअरांची मोठी वस्ती आहे, आणि मुला-सुनेकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईबाबांचीही. तुम्ही त्यांपैकी असाल, भाद्रपदात मागच्या अंगणात पान ठेवून तासभर हाका मारूनही कावळा फिरकत नसेल, तर अमक्याची इच्छा राहिली असेल म्हणून रडारड करू नका. ते दिवस तिथे बदाम-अक्रोडाच्या काढणीचे असतात आणि कावळा सॅन वाकीन खोऱ्यात जेवायला गेलेला असतो. खिरीच्या वाटीशेजारी दोन अक्रोड ठेवून बघा. न फोडता ठेवले तरी चालतील. फक्त पान डांबरी रस्त्याच्या जवळ मांडा.